शनिवारचं तेल

मला स्वस्थ बसता येत नाही. माहेरी म्हणायचे, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. सासरी आल्यावर सासूबाईंनी त्यात भर घातली, "पायालाच न्हाय, हातालाबी हाय." त्यांचं खरंच होतं. अजूनही कुणी दारात सायकल उभी केली की मी तिचं पुढचं चाक उचलून फिरवते आणि ते थांबेपर्यंत कान देऊन उभी राहते. नातवंडं हसतात. हसू देत. एक चाक किती वेळ फिरतं आणि कसं थांबतं, यावर एकदा माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हाचा कान अजून तसाच आहे.

आम्ही सोलापुरात गिरणीमागच्या चाळीत राहायचो. एक खोली, वर पत्रा, पुढं हातभर ओटा. माणसं तीन: मी, माझे मालक आणि त्यांची आई. आईंना मी आत्याबाई म्हणायची. जेऊरजवळच्या खेड्यातून येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती, पण हे अजून बदलीवरच होते. कताई खात्यात यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांत यांचा हात चांगला. पण हात चांगला असून काय उपयोग? बदलीवाल्यानं रोज सकाळी भोंग्याला फाटकाशी उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर आत, आला तर घरी. हे गल्लीच्या तोंडाशी परत दिसले की मी आधी डब्याकडे बघायची. भरला डबा परत आला की दुपारी त्यातलीच भाकरी तिघांत खायची.

मला पाचवा महिना होता. पहिल्या खेपेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. पहिल्या वेळी गावातच दोन दिवस कळा दिल्या. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून जेऊर स्टेशनावर आणलं, तर सोलापूरची गाडी नुकतीच निघून गेली होती. बाळ स्टेशनच्या बाकावर जन्मलं आणि रडलंच नाही. मुलगा होता.

सोलापुरात मात्र आमच्या चाळीपासून बायकांचा दवाखाना पायी गाठता येत होता. मी तो रस्ता चालून बघितला होता, एकदा नाही, चांगला तीनदा. कुठं सावली आहे, कुठं टेकायला दगड आहे, सगळं पाठ. मला एवढंच हवं होतं की भाद्रपदात बाळंत होईपर्यंत या गावातून कुणी मला हलवू नये. पण मामंजींचा निरोप आला होता, पोटापुरतं काम लागत नसेल तर पेरणीच्या आत सगळे गावाकडं या. म्हणजे हे कायम झाले तर राहायचं, नाहीतर पुन्हा तीच बैलगाडी. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

अशात वैशाखातल्या एका गुरुवारी हे भरला डबा घेऊन परत आले, पण चेहरा पडलेला नव्हता. दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी होती.

"साहेबाचं हाय," हे म्हणाले. "मासं धरायचं रीळ."

कताई खात्याच्या साहेबाला दर रविवारी हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसायचा नाद होता. गळाची दोरी ज्या चाकावर गुंडाळतात ते हे रीळ. तलावाच्या काठावर ते वाळूत पडलं होतं आणि आता फिरताना खरखरत होतं. मोठा मिस्त्री लग्नाला गावी गेलेला. साहेबानं जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला विचारलं, हलक्या हाताचा कोण आहे? जॉबरनं फाटकाशी उभ्या असलेल्या यांच्याकडे बोट केलं.

"रैवारच्या आत पायजे," हे सांगत होते. "आनि जॉबर काय म्हनला ठावं हाय? म्हैनाअखेरीला बदलीतल्या एकाला कायम करनार हायत. साहेब हात बघतोय म्हनं."

आत्याबाई कोपऱ्यात मशेरी लावत बसल्या होत्या. आमच्या घरात मासा शिजत नव्हता. त्या म्हणाल्या, "मासं मारायचं आवजार व्हय? मग चुलीपासनं लांब ठिवा."

शुक्रवारीही काम लागलं नाही, म्हणून दिवसभर हे आणि मी ते रीळ उघडून बसलो. खाली परात, कारण आतल्या बेरिंगच्या गोळ्या घरंगळल्या तर शेणानं सारवलेल्या जमिनीत सापडायच्या नाहीत. दोन बाजूंना नऊ-नऊ गोळ्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान. डाव्या बाजूच्या वाटीत, उजव्या बाजूच्या करवंटीत. एकमेकींत मिसळायच्या नाहीत, कारण त्या आपापल्या जागेवर झिजून बसलेल्या असतात. दोन्हींत घासलेट. वाळू तळाला बसली की ते ओतून पुन्हा नवं. मग जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा घेऊन एकेक गोळी पुसायची. धागा राहता कामा नये. हे सांगत, "केसायवढा धागा ऱ्हायला तरी गोळी आडती."

दोन वर्षांत यांनी मला आपल्या कामाला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र यांची जाड बोटं त्या गोळ्यांपुढं हरली. म्हणाले, "तुजी बोटं बारीक हायत. तूच घे." मी केरसुणीची काडी घासलेटात बुडवून तिच्या टोकानं एकेक गोळी उचलून जागेवर बसवली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आमच्या लग्नातसुद्धा मी इतकी खूश नव्हते.

संध्याकाळपर्यंत सगळं झालं, फक्त तेल राहिलं. गिरणीत तेलाचे डबेच्या डबे, पण फाटकावर झडती. तेलाची चिंधी सापडली तरी नाव कापायचे. शिलाईच्या मशीनचं तेल सात रस्त्याच्या सायकलवाल्याकडे मिळायचं. त्याचं दुकान तोवर बंद झालं असणार. आणि शनिवारी सकाळी नेमकं यांना काम लागलं. निघताना सांगून गेले, "आईकडनं मशीनचं त्याल आनवून घे. दोन्ही बाजूला येकेक थेंब. जास्ती न्हाय."

दुकानात मी जायची पद्धत नव्हती, आत्याबाईच जायच्या. त्यांना सांगितलं, तर त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आज शनवार हाय. शनवारी त्याल इकत आनत न्हाईत."

"आत्याबाई, खायचं तेल नव्हं ते. मशीनचं हाय."

"त्याल ते त्याल."

"अवो, उद्या रैवार. साहेबाला द्यायचंय."

"साहेबाला सांग की मग, सोमवारी मासं धर म्हनावं."

असं म्हणून त्या उंबऱ्यात बसल्या आणि मशेरीची डबी उघडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनात म्हटलं, या म्हातारीला गावाला परत जायचंय. हिला तिथं आपलं घर आहे, आपल्या मैत्रिणी आहेत. मी बाकावर बाळंत झाले काय नि दवाखान्यात काय, हिला त्याचं काय! असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं, म्हणून ते इथं लिहिते.

शहाण्या माणसानं संध्याकाळपर्यंत यांची वाट पाहिली असती. मी शहाणी कधीच नव्हते. चुलीजवळ करडईच्या तेलाची बुधली होती. आमच्या भागात करडईच्या तेलाशिवाय दिवस उगवत नाही. भाजी त्यात, दिवा त्यात, डोक्याला तेच, दार करकरलं तर बिजागरीला तेच. पातळ, पिवळं, स्वच्छ तेल. मी केरसुणीची काडी बुडवून दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडला आणि रीळ फिरवलं.

काय फिरलं ते! आवाज म्हणून नाही. माझ्याकडं घड्याळ कुठलं, मी जात्यावरच्या ओव्या मनात म्हणून मोजलं. चार ओव्या संपल्या तेव्हा ते हळूच थांबलं. संध्याकाळी यांनी फिरवलं आणि यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "वा! त्याल आनलं व्हय आईनं?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढ्या एका शब्दानं माझा पुढचा आठवडा खाल्ला. कारण रविवारी पहाटे हे रीळ घेऊन बंगल्यावर गेले आणि तसेच परत आले. साहेब तातडीनं मुंबईला गेला होता. बंगल्यावरच्या माणसानं सांगितलं, पुढच्या शनिवारी संध्याकाळी आणून दे, साहेबाच्या हातात दे. रीळ पुन्हा फडक्यात गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं गेलं. वर पत्रा, बाहेर सोलापूरचा वैशाख.

मी त्याला रोज फिरवून बघायची. सोमवारी चार ओव्या. बुधवारी तीन. मी म्हटलं, माझीच ओवी लांबली असेल. गुरुवारी अडीच. मग मी नळावर गेले, भरलेली घागर घेऊन आले, पुन्हा रिकामी घागर घेऊन गेले. शेजारच्या तेलुगू विणकराची बायको हातमागावरून हसून म्हणाली, "किती फेऱ्या मारती बाई, बस की जरा." बसून काय करू? बसलं की पोटात बाळ हलायचं आणि मला वाटायचं, तेही विचारतंय. शुक्रवारी रीळ दीड ओवीत थांबलं. धूळ गेली असेल, मी स्वतःला सांगितलं. यांना सांगावं असं दहा वेळा मनात आलं; पण यांना त्या आठवड्यात रोज काम लागत होतं, संध्याकाळी हे शीळ घालत घरी येत होते. तोंड उघडायचा धीर झाला नाही.

शनिवारी सकाळी हे गेल्यावर हाताला चाळा म्हणून मी तेलाची बुधली घासायला घेतली. बाहेरून ओघळलेलं तेल तिच्या पोटावर सुकून चिकट पिवळा थर झाला होता. राखेनं जाईना, काथ्यानं जाईना. दर आठ-पंधरा दिवसांनी मी तो नखानं खरवडत आले होते, आणि त्या दिवशी नख तिथंच थांबलं. मी रीळ उचलून फिरवलं. पहिल्या ओवीचा पहिला चरणही झाला नाही.

करडईचं तेल सुकतं. त्याचा राप धरतो. हे काय मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं, माझ्या नखांना माहीत होतं, पण भांड्याचं ज्ञान यंत्राला लावायचं मला सुचलं नाही.

यांचा पेचकस यांच्याजवळ. मी ढब्बू पैसा घेऊन त्याच्या कडेनं रिळाचा मोठा स्क्रू सोडवला. आत गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. काडीनं एकेक सुटी करून घासलेटात टाकत होते तेवढ्यात आत्याबाई पाणी घेऊन आल्या आणि परातीकडं बघत उभ्या राहिल्या.

"परत का उघाडलंस?"

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं: करडईचं तेल, यांच्याशी बोललेलं खोटं, रोजच्या ओव्या. संध्याकाळी हे न्यायला येतील आणि साहेबाच्या हातात ते चाक थांबेल, हेही सांगितलं. आणि रागाच्या भरात हेही बोलून गेले की तुम्हाला काय, तुम्हाला गावालाच जायचंय.

त्या रागावल्या नाहीत. बोटानं एक गोळी चाचपून म्हणाल्या, "राप धरला. आमी मोटंच्या कातड्याला हेच त्याल लावायचो, राप धरावा म्हनूनच." मग गोळी खाली ठेवून, "कुटं मिळतंय म्हनालीस ते मशीनचं?"

"सात रस्त्याला. पण आत्याबाई, आज शनवार..."

त्या पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या. मला वाटलं, कुणाच्या तरी ओट्यावर माझं गाऱ्हाणं सांगायला गेल्या. मी घासलेट बदलत राहिले. ऊन ओट्यावरून सरकून आत आलं. घासलेट दोनदा बदललं, तिसऱ्यांदा बदललं, तेव्हा कुठं गोळ्यांचा चिकटपणा गेला. पुसून मोजल्या: नऊ आणि नऊ. बसवल्या. आता पुढं काय? दाराशी जायचं, परत यायचं, परातीकडं बघायचं, पुन्हा दाराशी. दुपारचा भोंगा झाला.

आत्याबाई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता आणि त्या एकेका पायावर भार टाकत होत्या. अनवाणी गेल्या होत्या. हातात बोटभर बाटली. मी घ्यायला पुढं झाले तर ओरडल्या, "हात लावू नगंस! ते चाक भाईर आन. ह्ये त्याल आज उंबऱ्याच्या आत येनार न्हाय."

मी परात ओट्यावर आणली. बाटली त्यांनीच धरली, मी फक्त काडी बुडवली. एक थेंब इकडं, एक थेंब तिकडं. मी स्क्रू आवळू लागले. तेव्हा त्या बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"त्या टायमालाबी शनवारच हुता. तुला कळा सुरू झाल्या आनि दिव्यात त्याल न्हवतं. मीच आनलं वाण्याकडनं. म्हनलं, आंधारात बाळंत हुतीय व्हय पोर? आनलं. आनि मंग तसं झालं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ह्या येळंला मी आननार न्हवते. तुज्या पोटासाटी न्हवते आननार. गावाला जायला मी काय येडी हाय? त्या टेसनावर मला परत जायचं न्हाय."

दोन वर्षं आम्ही दोघी एका खोलीत एकाच भीतीत राहत होतो आणि मी त्यांच्या भीतीला हट्ट म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"आता आनलंय ते मी आनलंय," त्या म्हणाल्या. "लागलं तर मला लागंल. तू फिरीव ते."

मी फिरवलं. मनात मोजत होते, पण ओठ हलत असावेत, कारण आत्याबाईंनी ओवी मोठ्यानं सुरू केली. चार झाल्या, पाचवी झाली, सहाव्या ओवीच्या मध्यावर चाक थांबलं. आत्याबाई म्हणाल्या, "झ्याक."

संध्याकाळी हे आल्यावर मी ओट्यावरच सगळं सांगितलं. अशा आठवड्यानंतर मला ते पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. यांनी आधी रीळ फिरवलं, कानाशी धरलं, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "डोळ्यांत त्याल घालून काम करायचं म्हंत्यात, तू ते चाकात घातलंस व्हय?" हसले नाहीत. त्या रात्री धड जेवलेही नाहीत. पण रीळ देऊन आले होते, आणि साहेबानं ते फिरवून, थांबेपर्यंत ऐकून खिशात टाकलं होतं. रात्रभर बाटली ओट्याच्या कोपऱ्यात वीट लावून ठेवलेली होती. रविवारी ऊन पडल्यावर आत्याबाईंनी ती स्वतः उचलून घरात आणली.

महिनाअखेरीला यांना कायम केलं. रिळामुळं केलं की यांच्या हातामुळं, ते साहेबालाच ठाऊक. मामंजींना निरोप गेला, पेरणीला माणसं बघा.

भाद्रपदात माझं पोट दुखू लागलं तेव्हा मी तो पाठ केलेला रस्ता चालून दवाखान्यात गेले. एक हात यांच्या खांद्यावर, एक आत्याबाईंच्या. मुलगी झाली. रडली ती अशी की बाहेरच्या व्हरांड्यात आत्याबाईंना ऐकू गेलं, आणि त्यांनी तिथंच बसकण मारली. वार कुठला होता ते मी कुणाला विचारलं नाही.

दहा दिवसांनी घरी आले. मुलीला न्हाऊ घालायचं म्हणून आत्याबाईंनी मला तेल काढायला सांगितलं, माळ्याखालच्या कोनाड्यात. मी फडकं बाजूला केलं, तर आत बाटल्यांची रांग. लहान, मोठ्या, औषधाच्या, अत्तराच्या, कुठून कुठून जमवलेल्या. सगळ्या तेलानं काठोकाठ भरलेल्या आणि बुचाला चिंधी बांधलेल्या. वैशाखापासून त्यांनी मशेरी सोडली होती; ते पैसे कुठं गेले, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आत्याबाई, एवढं तेल?"

त्यांनी मुलीला पायांवर आडवं घेतलं होतं. वर न बघता म्हणाल्या, "दर शुक्करवारी थोडं थोडं आनलं. म्हनलं, परत शनवारी नड नगं."